अधल्यामधल्यांचा रकाना

आमच्या लॅबच्या नोंदवहीत तीन रकाने होते. झोइया, मेगालोपा, मृत. दरवर्षी एमएस्सीची मुलं खेकड्याची पिल्लं वाढवायची आणि दरवर्षी हेच तीन रकाने आखले जायचे. रोज सकाळी काचेच्या वाटीत बघायचं, मोजायचं, आकडे लिहायचे. तिन्हींची बेरीज आदल्या दिवसाइतकी आली की वही बंद करून चहाला जायचं.

माझी बेरीज जमेना. अकरा पिल्लं कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

ठाण्याच्या खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी, अंगठ्याच्या नखाएवढे खेकडे राहतात. ते कोणी खात नाही. मादी पोटाखाली अंडी घेऊन फिरते, आणि अंड्यातून जे बाहेर येतं ते मुळीच खेकड्यासारखं दिसत नाही. टाचणीच्या टोकाएवढं, पारदर्शक, डोक्यावर एक लांब काटा, दोन मोठे काळे डोळे. चिमटे नाहीत, चालायचे पाय नाहीत. हा झोइया. तो पाण्यात तरंगत राहतो, तीनदा कात टाकतो, दर वेळी थोडा मोठा होतो, पण राहतो झोइयाच. चौथ्यांदा कात टाकली की काटा नाहीसा होतो, चिमटे आणि पाय येतात. त्याला मेगालोपा म्हणतात. त्यानंतर अजून एक कात, आणि मग खेकडा.

हे कधी व्हायचं ते हार्मोन ठरवतात. त्याला मराठीत संप्रेरक म्हणतात हे मला एमएस्सीला आल्यावर कळलं, कारण मी डोंबिवलीच्या इंग्रजी शाळेतली. खेकड्याचे डोळे देठांवर असतात. त्या देठांतली एक ग्रंथी सारखी सांगत असते, आत्ता कात टाकू नको. दुसरी ग्रंथी सांगते, टाक. आणि जबड्याजवळ तिसरंच एक रसायन तयार होतं. ते भरपूर आहे तोवर पिल्लानं कितीही वेळा कात टाकली तरी ते पिल्लूच राहतं. ते ओसरलं की रूप पालटतं.

माझा प्रयोग देठांचा होता. शेवटच्या अवस्थेतल्या झोइयांचे देठ मायक्रोस्कोपखाली सुईने कापायचे आणि ती पिल्लं किती लवकर कात टाकतात ते बघायचं. शेजारच्या वाट्यांत ज्यांना हातही लावलेला नाही अशी पिल्लं, म्हणजे कंट्रोल. हे काम मला जमायचं. त्यात बोलावं लागत नाही. मी शाळेत इंग्रजीत गप्प होते आणि घरी मराठीत. पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत वर्गातल्या अर्ध्या मुलींना माझा आवाज माहीत नव्हता. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. गप्प माणसाला बरंच दिसतं.

अंडी असलेल्या माद्या मला बाळकुमच्या बाजूला राहणारी एक मावशी आणून द्यायची. उंच इमारतींच्या मागे खाडीला लागून तिची वस्ती आहे. पूर्वी गाव होतं, आता सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन तिला कुठे चाललात विचारतो. ती मासळी विकते, तिचा मुलगा खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतो. पहिल्यांदा गेले तेव्हा काय मागायचं ते मी कागदावर लिहून नेलेलं आणि तोच पुढे केला. तिने कागद उलटा धरून बघितला आणि परत दिला.

"तोंडानं सांग गो. मी काय मास्तरीन हाय?"

सांगितलं. ती हसली. "ही बारकी? ही तर मांजर पन खात नाय."

नंतर तिनेच मला शिकवलं. अंडी नारिंगी असली तर अजून दिवस आहेत, तपकिरी असली तर जवळ आली, आणि काळपट झाली, आत पिल्लांचे डोळे दिसायला लागले की एक-दोन दिवस. "आवसेच्या भरतीला सोडते ती पोरं," ती म्हणायची. "त्या आदी ये." आमच्या पुस्तकात चंद्राचा उल्लेख एका परिच्छेदात होता. तिला तारखा तोंडपाठ होत्या.

सर्वपित्रीच्या दिवशी तिने काळ्या अंड्यांची मादी दिली. मी ती स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यावर ठेवून कॉलेजला निघाले. टेंभी नाक्याला नवरात्रीचा मांडव उभा राहत होता, रस्ता बंद होता, बस वळवलेली. उतरून गर्दीतून डबा छातीशी धरून चालत गेले. एका बाईने विचारलं, "नैवेद्य आहे का?" मी मान हलवली. हो की नाही ते तिनं ठरवावं.

घटस्थापनेच्या सकाळी पाण्यात धूळ उडल्यासारखी पिल्लं दिसली. दसऱ्यापर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं. मी देठ कापले. कापलेल्यांनी लवकर कात टाकली. आकडे इतके छान आले की मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, दुसऱ्या मुलींना बोलावून माझी वही दाखवली.

मग कोजागिरीच्या आसपास कंट्रोलमध्ये ती अकरा आली.

ज्यांना मी हात लावला नव्हता तीच. चौथी कात टाकलेली, पण काटा तसाच, फक्त आखूड झालेला. चिमटे आलेले, पण मऊ, बंद न होणारे. पाय होते आणि ते पायांसारखे वापरता येत नव्हते. झोइयासारखं तरंगता येईना, मेगालोपासारखं चालता येईना. वाटीच्या तळाशी एका कुशीवर पडून ती हळूहळू गोल फिरत. मी त्यांच्या पुढ्यात आर्टेमियाची पिल्लं सोडली, खाडीच्या पिल्लांना देतात ते जिवंत खाद्य. त्यांनी ती धरली आणि खाल्ली.

मी वही घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी वाटीत एकदा बघितलं.

"डिफॉर्म्ड आहेत गं. मृतमध्ये टाक."

"जिवंत आहेत."

"आज आहेत. उद्या नसतील."

"खातायत, मॅडम."

"हे बघ," त्या खुर्चीत मागे रेलल्या. त्या वाईट नव्हत्या. वीस वर्षं मुलांचे प्रबंध वेळेत बाहेर काढण्याचं काम त्या करत होत्या. "तुझा विषय काय? देठ कापल्याचा परिणाम. ते आकडे सुंदर आलेत. कंट्रोल असा वाकडा दाखवलास तर बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारणार. अकरा मृत लिहिलं की विषय संपला. पिल्लं मरतातच."

मी मान खाली घातली. याचा अर्थ हो असा त्यांनी घेतला. सगळे तसाच घेतात. जागेवर येऊन मी पट्टीने चौथा रकाना आखला आणि वर पेन्सिलने लिहिलं, अधलीमधली. वही इंग्रजीत होती, पण इंग्रजीत जो शब्द येत होता त्याचा अर्थ बिघडलेली असा होता, आणि ती बिघडलीत की नाही हे मला अजून माहीत नव्हतं.

ती अशी का झाली ते दोन दिवसांनी कळलं. आमच्या लॅबमध्ये एक मामा होते. लॅब अटेंडंट, कंत्राटावर, कोपरला राहायचे. मी वाट्या धुवत होते, ते फरशी पुसत होते. पुसता पुसता ते निळ्या ड्रमपाशी थांबले. समुद्राचं पाणी आम्ही अलिबागच्या बाजूने आणून त्या ड्रममध्ये साठवायचो आणि सगळ्या वाट्यांना तेच पाणी असायचं.

"ताई, आता डास नाहीत ना इथे?"

"कुठे?"

"ह्यात. मी दाणे टाकलेले."

मी हातातली वाटी बेसिनमध्ये ठेवली. "कसले दाणे?"

"डासांचे. आमच्या बिल्डिंगीत डेंग्यू झालेला ना, दोन पोरं ॲडमिट. सोसायटीने आणलेले गटारात टाकायला. उरलेले मी घेऊन आलो. म्हटलं, इथे एवढा ड्रम उघडा. तुम्ही पोरी दिवसभर इथेच बसता."

"मामा, ते खारं पाणी आहे."

"डासाला काय कळतंय खारं की गोडं?" मग माझा चेहरा बघून त्यांनी फडकं बादलीत सोडलं. "काय झालं? दोनच चिमटी टाकलेले. घाटावरच्या माझ्या गावी तर पिण्याच्या टाकीत पण टाकतात."

मी त्यांच्याकडून पाकीट मागून घेतलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत रसायनाचं नाव होतं. ते दाणे डासाच्या अळीला मारत नाहीत. ते तिला डास होऊ देत नाहीत. किड्यांच्या अंगात एक हार्मोन असतो, तो असेपर्यंत अळी अळीच राहते. दाण्यांतलं रसायन त्याची नक्कल करतं. आणि खेकड्याच्या जबड्याजवळचं ते तिसरं रसायन या हार्मोनची सख्खी चुलत बहीण. मी बसमध्ये बसून हे फोनवर तीनदा वाचलं. शिळफाट्याला बस अडकली होती आणि मला ती अजून अडकावी असं वाटत होतं, कारण घरी पोचेपर्यंत पुढचं वाक्यही माझ्या डोक्यात येणार होतं, आणि ते आलंच. ड्रम एकच. म्हणजे देठ कापलेल्या वाट्यांतही तेच पाणी. त्या वाट्यांतही काही अधलीमधली झालेली होती, ती मी सुईच्या खात्यावर ढकलून दिली होती. माझे सुंदर आकडेही गेले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना चार ओळी लिहून दिल्या. पाण्यात काय होतं, किती चिमटी, कधीपासून, आणि त्यामुळे काय काय खात्रीने म्हणता येत नाही.

त्यांनी वाचलं. "कोणी टाकलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मी विचारतेय."

"पाण्यात काय होतं ते लिहिलंय, मॅडम. कोणाच्या हातून पडलं त्याने पिल्लांना फरक पडत नाही."

"एवढं बोलायला कधी शिकलीस गं?" त्या हसल्या नाहीत. "ऐक. दोन रस्ते आहेत. तीन रकाने ठेव, मी सही करते. नाहीतर नाव दे, मी वर रिपोर्ट करते, की लॅबची चूक नव्हती, अमुक माणसाची होती. ह्यातलं काहीच करायचं नसेल तर माझी सही मिळणार नाही. सही नाही म्हणजे सबमिशन नाही. वर्ष जाईल. कळतंय?"

"कळतंय."

"आणि हे सगळं खरं लिहिलंस तर प्रबंधात उरतं काय?"

"ती अकरा."

"ती अकरा कुठल्यातरी दोन चिमटींमुळे झाली असं तू म्हणतेस. सिद्ध केलंयस?"

केलं नव्हतं. हा एकच प्रश्न मला मान्य होता.

खाली येताना मी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. मला रागावता येतं हे मलाच नवीन होतं. मामांचं नाव घेऊन सुटणं फार सोपं होतं. त्यांचं कंत्राट दर सहा महिन्यांनी नव्याने होतं. त्यांनी डासांपासून वाचवायचं ठरवलं होतं ते कोणाला, तर आम्हाला. आणि माझं नाव वाचवायला मी अकरा जिवंत पिल्लं मृत लिहायची, ती समोर खात असताना. दोन्ही मी करणार नव्हते. वर्ष गेलं तर जाऊ दे.

ती पिल्लं पाच दिवस जगली. पाचही दिवस मी त्यांना चौथ्या रकान्यात लिहिलं. मेली तेव्हा मरणाची तारीखही त्याच रकान्यात लिहिली आणि ती अल्कोहोल घातलेल्या छोट्या बाटलीत ठेवली.

दिवाळीची सुट्टी लागली, लॅबला कुलूप. सुट्टीच्या आदल्या दिवशी मामा जिन्यात थांबले होते. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्या हातात दिली.

"दाणे आहेत. तेच. तुम्हाला परत करून बघायचं असेल." मग एक पायरी उतरून, "माझं नाव सांगितलं असतंत तरी मी काही बोललो नसतो, ताई."

"मला माहितीये."

"पण नाही सांगितलंत."

"नाही सांगणार."

मी परत बाळकुमला गेले. मावशी घराच्या ओट्यावर चिंबोऱ्यांचे, म्हणजे विकायच्या मोठ्या खेकड्यांचे, चिमटे सुतळीने बांधत बसली होती.

"सर्वपित्रीला नेलीस, आता दिवालीला पन? पोरांना वाढवतेस का मारतेस गो?"

"वाढवते."

"सगली वाढली?"

"नाही. काही मधेच अडकली."

तिने सुतळीची गाठ दातांनी ओढली. "चिंबोरी पन अडकते. कात टाकताना अर्धी भायेर, अर्धी आत. जाल्यात आली तर आमी घेत नाय, मारत पन नाय. पान्यात परत सोडतो. निगंल नायतर जाईल. ते तिचं ती बघंल." तिने टोपलीतून माझ्यासाठी ठेवलेली मादी काढली. अंडी काळी, आत डोळे. "सासरा सांगायचा, अडकल्यालीला मेल्याली समजू नको."

तो काही मोठा विचार म्हणून ती सांगत नव्हती. जाळं झाडताना काय करायचं ते सांगत होती. मी तेवढंच घेतलं.

घरी आईला आधी सांगितलं नव्हतं. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत इस्त्रीच्या टेबलावर मी आठ वाट्या मांडल्या. मत्स्यालयाच्या दुकानातून समुद्राचं मीठ आणून एकाच बादलीत पाणी केलं. चार वाट्यांत नुसतं ते पाणी. चार वाट्यांत तेच, पण दाण्याचा अगदी थोडा अंश विरघळवलेलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मिळालेला जुना मायक्रोस्कोप माळ्यावरून काढला. या वेळी कोणाचे देठ कापायचे नव्हते, सुई मी आणलीच नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. आम्ही रत्नागिरीकडचे. "घरात खेकडे आणलेस आणि रस्सा नाही?"

"आई, हे खायचे नाहीत."

"मग कशाला आहेत?"

मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. देठ, हार्मोन, ड्रम, मामा, सही. माझ्या मानाने ते भाषणच होतं. ती करंजीचं सारण ढवळत ऐकत होती.

"मॅडमना नाव दिलंस?"

"नाही."

"बरं केलंस." मग गॅस बारीक करून, "वर्ष गेलं तर तुझ्या बाबांना मी सांगीन. पण त्या टेबलावर मला भाऊबीजेची साडी इस्त्री करायचीय, तेवढी जागा सोड."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पिल्लं झाली. आईने ती बघितली आणि म्हणाली, "लक्ष्मी म्हणून काय आलं आमच्याकडे, तर खेकड्याची पोरं." पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या आधी उठून वाट्यांवरचं झाकण सरकवून बघायला लागली. "फराळाला हात लावायला सांगितलं तर हिचा हात दुखतो, आणि ह्यांना सकाळी सहाला उठून भरवते," हे ती शेजारणीला माझ्यासमोर सांगायची, तक्रारीच्या सुरात, वाट्यांकडे बोट दाखवून.

तुळशीच्या लग्नापर्यंत साध्या पाण्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी काटा टाकला आणि चालायला लागली. काही मेली, ती मी मृतमध्ये लिहिली, कारण ती मेली होती. दाण्यांच्या पाण्यात बरीच मेली. उरलेली कुशीवर पडून हळूहळू गोल फिरत होती. मऊ चिमटे, आखूड काटा. मायक्रोस्कोपवरून डोळा काढवेना. मला आनंद झाला होता, आणि ज्याचा आनंद झाला ते समोर असं गोल फिरत होतं. तेव्हा काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

कॉलेज उघडल्यावर मी मॅडमच्या टेबलावर वही, दोन बाटल्या, एक त्या अकरांची आणि एक घरच्या पिल्लांची, आणि प्रबंध ठेवला. शीर्षक बदललं होतं. देठांचा भाग शेवटी गेला होता, काय चुकलं त्याच्या सविस्तर नोंदीसह. त्यांनी बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघितलं. या वेळी खरंच बघितलं.

"चिमटे आलेत," त्या न हलता म्हणाल्या.

"हो."

"काटा पण आहे."

"हो."

"घरी केलंस हे?"

"इस्त्रीच्या टेबलावर."

त्यांनी मान वर केली. "आणि ड्रममध्ये कोणी टाकलं ते सांगणार नाहीसच."

"नाही, मॅडम."

मागे मामा कपाटाची काच पुसत होते. ते पुसायचे थांबले नाहीत, पण एकाच जागी पुसत राहिले. मॅडमनी एकदा तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं. त्यांनी पेन उघडलं आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: घरगुती परिस्थितीत केलेला छोटा प्रयोग, निष्कर्ष जपून घ्यावेत. मग सही केली.

"हे खोडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही खोडणार. खरं आहे ते."

मार्क बेताचे आले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी पहिला प्रश्न चौथ्या रकान्याचाच विचारला, मॅडम म्हणाल्या होत्या तसा. "हे नाव कुठल्या पुस्तकातलं?" मी म्हटलं, पुस्तकातलं नाही, माझं आहे. आवाज बारीक निघाला, पण निघाला. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते मला दिसलं नाही.

ड्रमला आता झाकण आहे. ते मामांनीच बसवलं. पुढच्या वर्षीच्या मुलींच्या वहीत चौथा रकाना आखलेला नाही, हे मी जाऊन बघून आले. त्यांना लागला तर त्या आखतील.

पहिली बाटली माझ्या टेबलावर आहे. अकरा आहेत, परवाच भिंगातून मोजली. मेलेली आहेतच, इतके महिने अल्कोहोलमध्ये आहेत. पण वहीत ती मृतच्या रकान्यात नाहीत, आणि माझ्या हाताने कधी जाणार नाहीत.